ताप आला की फोन का येतो? पाळणाघराच्या नियमाबद्दल थोडं मोकळेपणानं

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय.)

मागच्या भागानंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. "मुलाचं अंग जरा कोमट लागलं की पाळणाघरातून फोन येतो, घेऊन जा म्हणून. असं का?" एका बाबांनी लिहिलंय, "पैसे आम्ही महिन्याचे भरतो, मग ताप आला म्हणून घरी का न्यायचं?" प्रश्न रास्त आहे. मी ठाण्यात सोळा वर्षं पाळणाघर चालवते आणि दर पावसाळ्यात हा प्रश्न मला दारात उभं राहून विचारला जातो. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी आमचे नियम सांगते. तीनच आहेत. पहिला, डिजिटल थर्मामीटर काखेत लावून १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आलं की फोन जातो आणि तासाभरात कोणीतरी न्यायला यायचं. दुसरा, तापाचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसला की मूल परत येऊ शकतं. तिसरा, घरी कुठलंही औषध दिलं असेल तर सकाळी दारातच सांगायचं. कोणतं, किती आणि किती वाजता.

भांडणं सगळी पहिल्या नियमावरून होतात. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा नियम तिसरा आहे. त्याच्याकडे येतेच.

पहिल्या नियमाचं कारण लोकांना वाटतं की साथ पसरू नये म्हणून. ते अर्धंच खरं आहे. सर्दी-तापाचे बरेच विषाणू ताप चढायच्या आधीपासूनच पसरायला लागतात. ताप मोजेपर्यंत त्या मुलानं तोंडात घातलेली गाडी आणखी तिघांनी तोंडात घातलेली असते. त्यामुळे घरी पाठवलं म्हणजे साथ अडली, असं मी कधीच म्हणत नाही.

खरं कारण हातांचं आहे. आमच्याकडे एका ताईकडे सहा मुलं असतात. तापातल्या मुलाला मांडी लागते. घोट घोट पाणी पाजायचं, शू होतेय का बघायचं, पुन्हा पुन्हा ताप मोजायचा, मध्येच उलटी झाली तर कपडे बदलायचे. म्हणजे एका ताईचे दोन्ही हात त्या एकासाठी. मग उरलेल्या पाचांचं काय? त्यातलं एक नुकतं चालायला लागलेलं असतं, दुसरं जिन्याच्या दाराशी घुटमळत असतं. आणि ज्याला ताप आहे त्याला तर आईच हवी असते, किंवा आजी. आम्ही कितीही जीव लावला तरी आम्ही तिसऱ्याच.

आता आकड्याबद्दल. परदेशातले श्रोते विचारतात की आमच्याकडे वेगळा नियम कसा. इंग्लंडमध्ये ३८ सेल्सिअसलाच जास्त ताप म्हणतात, आणि तो जाऊन मुलाला बरं वाटेपर्यंत घरीच ठेवा असा सल्ला असतो. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला थोडा वेगळा आहे. अगदी तान्ही बाळं सोडली तर नुसता आकडा बघू नका, मुलाचं वागणं बदललंय का तेही बघा, असा त्याचा रोख आहे. मला तो विचार पटतो. ९९.८ला मलूल होऊन पडलेलं मूल असेल तर मी १००.४ची वाट बघत नाही, आधीच फोन करते.

दोन कारणं मला नेहमी ऐकवली जातात. एक म्हणजे, "दात येतायत हो." दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करतं, अंग किंचित कोमटही लागतं. पण १०१ ताप दातांमुळे येत नाही, त्याचं कारण दुसरं शोधायला हवं. दुसरं कारण लशीचं. ते मात्र खरं असतं. दीड वर्षाच्या आसपासच्या डीपीटीच्या बूस्टरनंतर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो. त्यावर साधा उपाय आहे. लस शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी घ्या, आणि आम्हाला सांगा.

आता तिसरा नियम. सकाळी साडेसातला पॅरासिटामॉल पाजून मूल आणून सोडतात. नऊ वाजता ते छान खेळत असतं. औषधाचा असर चार ते सहा तासांचा. बाराच्या सुमारास जेवणाच्या वेळी मूल ताटावरून उठून कोपऱ्यात जाऊन आडवं होतं आणि ताप १०२. आई तेव्हा मीटिंगमध्ये. हे मी इतक्यांदा बघितलंय की बाराचा फोन हा आमच्याकडे एक प्रकारच झालाय.

पण नुसतं एवढंच असतं तर मी आज बोलले नसते. मागच्या वर्षी एका मुलीला अकराच्या सुमारास ताप भरला. आईला फोन केला. आई म्हणाली, "काकू, मला यायला दीड तास लागेल, बॅगेत बाटली आहे, चमचाभर द्या." मी वडिलांना विचारल्याशिवाय देत नाही, म्हणून त्यांनाही फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मी साडेनऊला सोडतानाच गाडीत दिलंय." आईला माहीतच नव्हतं. आणि बॅगेतली बाटली सिरपची नव्हती, थेंबांची होती.

हा फरक नीट ऐका. आपल्याकडे मुलांचं पॅरासिटामॉल वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. थेंबांत १ मिलीलाच १००. म्हणजे ५ मिलीचा चमचाभर थेंब दिले तर ५०० मिलिग्रॅम, पहिल्या सिरपच्या चौपटीहून जास्त. आणि तेही दीड तासापूर्वी दिलेल्या डोसवर. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे आणि वेळ पाळून दिलं तर सुरक्षित आहे, जास्त झालं तर यकृतावर जातं. म्हणून "चमचाभर" हा शब्द आमच्याकडे चालत नाही. बाटलीचं नाव, मिली आणि वेळ, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ते नसेल तर आम्ही औषध देत नाही. अंगावरचे जास्तीचे कपडे काढतो, पाणी पाजतो आणि तुमची वाट बघतो.

लोक लपवतात का, तर वाईट आहेत म्हणून नाही. रजा नसते म्हणून. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. पण मूल दोन वर्षांचं असताना त्याला ताप आला, तर त्या दिवसासाठी खासगी नोकरीत वेगळी रजा कुठे आहे? आणि फोन नेहमी आईलाच का जायचा? आमच्या फॉर्मवर आता वडिलांचा नंबर पहिला असतो. त्याखाली अशा एका माणसाचा, जो तासाभरात पोचू शकेल. आजोबा, मावशी, शेजारच्या काकू, कोणीही. हे नाव प्रवेशाच्या दिवशीच ठरवा, ताप आल्यावर नाही.

माझ्या बाजूनं मी एक शब्द देते. खरं सांगितलंत तर मी ओरडणार नाही. "काकू, रात्री ९९.५ होता, औषध दिलेलं नाही, आज माझं प्रेझेंटेशन आहे" असं म्हणालात, तर मी दर दोन तासांनी मोजते आणि तुम्हाला मेसेज करते. पण औषध देऊन गप्प राहिलात, तर मी आंधळी होते. मग चुकीचा डोस जातो, नाहीतर चढता ताप उशिरा कळतो.

शेवटी जरा घाईचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आला तर थांबू नका, लगेच डॉक्टर. मूल उठवूनही नीट उठत नसेल, श्वास जोरात चालला असेल, सहा-आठ तास शू झाली नसेल, तरी तेच. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. तेव्हाच पोटात दुखणं, सारख्या उलट्या, सुस्ती, कुठून रक्त येणं यावर लक्ष हवं. आणि आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड स्वतःच्या मनानं देऊ नका. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

तुमच्या पाळणाघराचा तापाचा नियम लेखी आहे का? नसेल तर उद्या सकाळी मागून घ्या. आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई-काकूंनो, तुमचा नियम काय आहे ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.