गुदामाच्या नोकरीची मुलाखत

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी विखुरलेली लहान गुदामे एकत्र करून मोठी गुदामे उभारली. तेथील व्यवस्थापकाच्या मुलाखतीत खरी कसोटी पुढीलप्रमाणे लागते : नोंदवहीत १०० खोकी, मांडणीवर ९७, काय कराल? ‘नोंद दुरुस्त करीन’ म्हणणाऱ्याची संधी बहुधा तेथेच हुकते. प्रथम फेरमोजणी, मग आवक-जावकेची चलने व शेजारचे कप्पे तपासणे, आणि त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळविणे, असे सांगावे. आपल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यांकडे अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. तेथे आधी आलेला नव्हे, तर ज्याची मुदत आधी संपते तो माल प्रथम बाहेर काढावयाचा असतो. घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळला असल्यास तोही निःसंकोच सांगावा. पुष्कळजण तो उगाच लपवितात.