शाळेला वाहिलेला जन्म

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावचा जनावरांचा बाजार तुम्हांला ठाऊकच आहे. बैल पारखताना शेतकरी काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. पण त्याच्या मनातला खरा प्रश्न निराळाच असतो. चढाला लागला की मध्येच बसणार तर नाही ना? माणसांतही हाच गुण दुर्मिळ. आज मी तुम्हांला अशाच एका बाईंची हकिकत सांगणार आहे. त्या मध्येच बसल्या नाहीत.

साध्या पोशाखातल्या कॅथॉलिक सिस्टर शाळेत शिकवताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेऊन त्या घरदार सोडतात आणि सारा जन्म मुलांत घालवतात. मी सांगतो त्या बाई मात्र सिस्टर नव्हत्या. त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या. कोणतेही व्रत त्यांनी जाहीर घेतले नव्हते. पण जगल्या त्या एखाद्या व्रतस्थ बाईसारख्याच, आणि त्याही आपल्या जिल्ह्यात.

घोडेगावाहून संभाजीनगरच्या बाजूला निघाले की वडाळा बहिरोबा लागते. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. या मिशनचे मोठे केंद्र होते नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. तेथेच या बाईंचे आयुष्य गेले. त्यांचे नाव मिस सिंथिया फरार. गंमत पाहा, आडनाव फरार, पण बाईंनी जागा काही सोडली नाही!

त्यांचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातला. शिक्षिका म्हणून त्या आधीच काम करीत होत्या. १८२७ च्या जूनमध्ये बोस्टन बंदरातून जहाजात बसल्या आणि डिसेंबर संपता संपता मुंबईस उतरल्या. सहा महिन्यांहून अधिक समुद्रप्रवास! वय बत्तीस, सोबत नवरा नाही, भाषा परकी. आल्या त्या मुलींच्या शाळा पाहण्यासाठी. दोनएक वर्षांत मुंबईच्या त्या शाळांत सुमारे ४०० मुली शिकू लागल्या. मध्ये प्रकृती ढासळली म्हणून त्या मायदेशी गेल्या. तेथेच राहिल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. पण १८३९ साली त्या परत आल्या आणि नगरला शाळा चालवू लागल्या.

शाळा चालवणे म्हणजे काय होते, हे ध्यानात घ्या. मुलगी शिकली तर घराला पाप लागेल, असे म्हणणारे लोक होते. मुली लहानपणीच सासरी जात. जरा वाचायला येऊ लागले की पाटी गेलीच कोनाड्यात. आणखी एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. तो त्यांनी लपवला नाही. त्यामुळे पालकांना धास्ती वाटे आणि भरलेला वर्ग रिकामा होई. बाईंनी पुन्हा दारोदार जावे, पुन्हा मुली गोळा कराव्यात, पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी. असे एकदा नव्हे, वर्षानुवर्षे.

आता एक योगायोग ऐका. ज्या वर्षी बाई बोस्टनहून निघाल्या, त्याच १८२७ साली जोतीराव फुल्यांचा जन्म झाला. जोतीरावांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे नगरला नोकरीस होते. त्यांच्यामुळे तरुण जोतीरावांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या पाहून आपल्या मनावर मोठा परिणाम झाला, असे पुढे जोतीरावांनी स्वतःच सांगितले आहे. पुण्यास परतल्यावर त्यांनी १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

गुरुजनहो, बाईंनो, इथे क्षणभर थांबा. तो पाहुणा दारात आला, तेव्हा बाईंना या देशात शिकवायला लागून वीसएक वर्षे झाली होती. समजा, दहाव्या वर्षी कंटाळून त्या निघून गेल्या असत्या, तर जोतीरावांनी नगरला काय पाहिले असते? मोठा पाहुणा येणार म्हणून त्यांनी शाळा मांडली नव्हती. रोजची हजेरी, रोजची पाटी, रोजचे तेच शुद्धलेखन. त्या रोजच्या कामातच जोतीरावांना पाहण्यासारखे सापडले.

२५ जानेवारी १८६२ रोजी फरारबाई नगरलाच निवर्तल्या. चौतीस वर्षांपूर्वी आल्या होत्या, त्या शेवटपर्यंत मुलींच्याच कामात राहिल्या.

तुम्ही म्हणाल, हे झाले जुने. आता मुली सायकलवरून शाळेत जातात. खरे आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने काय दाखवले? महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर तरुणींपैकी जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठरा पुरी होण्याआधीच झाले होते. म्हणजे पाटी अजूनही कोनाड्यात जाते, बरं का! दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे निघाली की कित्येक मुलींची शाळाही गाडीत चढते.

अशा वेळी उपयोगी पडते ते एखाद्या शिक्षकाचे त्या घरी जाणे. ओट्यावर बसून आईबापांना "एवढे वर्ष पोरीला ठेवा" म्हणणे. नाही ऐकले तर आठ दिवसांनी पुन्हा जाणे. याला व्रत घ्यावे लागत नाही, समुद्र ओलांडावा लागत नाही. पालकांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. गुरुजी किंवा बाई दारात आल्या तर चहा द्याच, पण त्यांचे म्हणणेही ऐकून घ्या.

उद्या सकाळी हजेरी घेताना पटावरचे जे नाव पुकारूनही उत्तर येत नाही, त्या नावापाशी थांबा. शाळा सुटल्यावर त्या घरी एक चक्कर टाका. फरारबाईंनी जन्मभर केले ते एवढेच.