मोठ्या नमुन्याची अट



अंधेरी स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊ वाजता उभं राहून माणसांना विचारलं, की कामाला कसे जाता, तर बहुतेक सगळे लोकल नाहीतर मेट्रो म्हणतील. शंभरांना विचारा, लाखांना विचारा. घरून थेट रिक्षाने एमआयडीसी गाठणारा त्यात सापडायचा नाही. नमुना वाढला की चूक घटते, हे संख्याशास्त्राचं आश्वासन सगळ्यांना पाठ असतं. ते कोणत्या अटीवर दिलंय, हे परीक्षा संपली की विसरतं. अट हा उत्तराचाच भाग असतो, एवढंच मला मांडायचं आहे, आणि पुरावा म्हणून एका मराठी प्राध्यापकाचं काम पुढे ठेवायचं आहे.

वसंत शंकर हुजुरबाजार १९१९ साली कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली. जेफ्रीज आणि संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा १९३०च्या दशकातला छापील वाद गाजलेला होता. तरी जेफ्रीजच्या या विद्यार्थ्याने प्रश्न उचलला तो फिशरच्या पद्धतीतला : ज्या किमतीने हाती आलेली निरीक्षणं सर्वांत संभवनीय ठरतात, म्हणजे लाइकलिहूड शिखरावर असतो, ती किंमत समीकरण सोडवून अंदाज म्हणून घ्यायची. पण या लाइकलिहूड समीकरणाला अनेक मुळं असू शकतात. कॉशी वितरणाची नुसती पाच निरीक्षणं घेतली, तरी नवव्या घाताची बहुपदी समोर उभी राहते. खऱ्या किमतीकडे जाणारं मूळ असतं, हे गणिती क्रामेर यांनी १९४६ साली दाखवलं होतं. असं मूळ एकच असतं, आणि नमुना वाढत जाईल तसं तिथे लाइकलिहूडचं शिखर असण्याची संभाव्यता एककडे जाते, हे हुजुरबाजारांनी १९४८च्या निबंधात सिद्ध केलं. मात्र हे नियमिततेच्या अटी पाळल्या तरच. त्या मोडणारं उदाहरण म्हणून शून्य ते थीटा (ही अज्ञात किंमत) असं एकसमान वितरण घ्या : समीकरणाला मूळच नाही, आणि शिखर जाऊन बसतं सगळ्यांत मोठ्या निरीक्षणावर. शिवाय हातात आलेल्या मुळांतलं नेमकं कुठलं उचलायचं, हे प्रमेय सांगत नाही. आपण कुठवर बोलतो आहोत हे त्याला माहीत आहे, म्हणूनच ते टिकलं.

यावर म्हणाल, ते दिवस कागद-पेन्सिलचे होते. आज निरीक्षणं कोटींनी येतात, तेव्हा मोठ्या नमुन्याची अट आपोआप पुरी होते. होते, पण तेवढीच एक. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांत, नमुना वाढवूनही न जाणारा असा एक घोटाळा शेतातच पकडला. उभ्या पिकात छोटा तुकडा आखला, की रेषेवरची रोपं आत धरण्याकडे मापणाऱ्याचा कल जातो. क्षेत्राच्या मानाने छोट्या तुकड्याचा घेर मोठा, म्हणून उत्पन्न फुगतं. असे तुकडे दहाचे हजार केले तर काय होईल? आकडा स्थिर होईल, पण फुगलेल्या किमतीभोवतीच. पूर्वी निदान तो डळमळता तरी दिसायचा, आता छातीठोक चुकतो. कोटींच्या डेटातल्या कडेच्या रोपांकडे वाकून पाहायला मात्र कोणी जात नाही.

दुसरी हरकत जास्त खरी आहे. साहेबाला एक आकडा हवा असतो. अटी ऐकवल्या तर तो म्हणतो, याला काही ठाम सांगताच येत नाही. आकडा जरूर द्या. ‘स्टेशनावर भेटलेल्या माणसांपैकी’ हे तीन शब्द त्याच ओळीत बसतात, तळटीप लागत नाही. ही सवय फळ्यासमोर लागते, पुन्हा पुन्हा खोडून. १९६०चं अ‍ॅडम्स पारितोषिक आणि १९७४चं पद्मभूषण हुजुरबाजारांच्या नावापुढे लिहिलं जातं, ते योग्यच. पण १९५३ ते १९७६ अशी तेवीस वर्षं पुणे विद्यापीठात त्यांनी गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला, त्या वर्षांची मोजदाद निबंधांच्या यादीत होत नाही. शेवटी तेही अमेरिकेला गेलेच ना, असं कोणी विचारील. गेले, आधी आयोवाला, मग डेन्व्हरला, आणि तिथेही शिकवायलाच.