धागा तुटला की माग थांबतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. पण त्यावर आता आपली मुलंच आपल्याला शिकवतात. म्हणून मी विषय परस्पर बदलला, त्याबद्दल संयोजकांनी माफ करावं. मी बोलणार आहे टोयोटा या मोटार कंपनीविषयी. हसू नका. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला ही कंपनी परकी नाही, कारण तिचं मूळ आहे मागात.

साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा, जन्म 1867 चा. सगळं आयुष्य त्यानं माग सुधारण्यात घालवलं. 1924 मध्ये त्याचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. या मागात कांडी संपत आली की चालत्या मागावरच धोटा बदलायचा आणि धागा तुटला की माग आपोआप उभा राहायचा. 1929 मध्ये या मागाचे पेटंट हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं विकत घेतले. ज्या देशाची कापडयंत्रं सारं जग घेत होतं, तो देश जपानकडून माग शिकायला निघाला होता!

आता जरा आपल्या गावातल्या शेडमध्ये या. आमच्याकडे बारा माग होते, साधे. आडवा धागा तुटला तर माग थांबे, पण ताण्यातला एखादा धागा तुटला तर मागाला पत्ताच नसे. कापडात उभी रेघ पडत जायची. सकाळी तागा तपासताना ती दिसायची आणि रात्रपाळीवाल्याच्या मजुरीतून पैसे कापले जायचे. मजुरी मीटरवर. माग थांबवून धागा जोडत बसला तर मीटर कमी, न थांबवला तर तागा खराब. दोन्हीकडून भुर्दंड त्यालाच. माझे वडील वाईट मालक नव्हते, गावाची रीतच तशी होती. पण त्या खटखटाटात अभ्यास करताना हा हिशोब मला कधी दिसला नाही, एवढं खरं.

साकिचीचा मुलगा किइचिरो गाड्यांकडे वळला. 1933 मध्ये माग कारखान्यातच मोटार विभाग निघाला आणि 1937 मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. युद्धानंतर ती बुडायला आली. 1950 मध्ये कर्ज मिळवण्यासाठी कामगारकपात करावी लागली, मोठा संप झाला, दीड हजारांहून जास्त लोक गेले आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोनं स्वतः अध्यक्षपद सोडलं. त्याच जून महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्याकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तरली. तो ते पाहायला फार दिवस राहिला नाही, 1952 मध्ये गेला.

टोयोटाच्या व्यूहरचनेवर पुस्तकांचे ढीग आहेत, पण माझ्या मते तिचं मूळ या 1950 च्या जखमेत आहे. पुढे 1962 मध्ये व्यवस्थापन आणि युनियन यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. कायम कामगाराची नोकरी टिकवायची, हे धोरणाचा पाया बनलं. ताइइची ओनो नावाच्या इंजिनियरनं जी उत्पादनपद्धत बसवली, ती त्या पायावर उभी आहे. अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या फळीवरून माल उचलला जातो तेवढाच पुन्हा भरतात, ही कल्पना त्यानं कारखान्यात आणली. पुढच्या टप्प्यानं जेवढं उचललं तेवढंच मागच्यानं बनवायचं, निरोपाला चिठ्ठी. त्या चिठ्ठीला म्हणतात कानबान. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भिंतीवर याच नावाचा बोर्ड असतो. तो एका यंत्रशाळेतून आला, हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आणि साकिचीच्या मागाचा गुण गाड्यांच्या कारखान्यात दोरीच्या रूपानं आला. कामगाराला काही खटकलं की त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, टीमचा प्रमुख धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाईतो दोष सुटला तर ठीक, नाही तर लाइन थांबते. (आपल्या बीजगणिताच्या सरांना आठवत असेल. मागच्या बाकावरून "सर, समजलं नाही" असा आवाज आला की ते न रागावता फळा पुसून पहिल्या पायरीपासून सुरू करायचे. दोरी आपल्याकडेही होती.)

1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यात दोन्ही कंपन्यांनी भागीदारीत काम सुरू केलं. कामगार बहुतेक जुनेच, संप आणि गैरहजेरीसाठी बदनाम झालेले. पूर्वी लाइन थांबवणं हा तिथं जवळजवळ गुन्हा होता. त्याच माणसांच्या हाती दोरी दिली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांच्या रांगेत आल्या. मग जगभरातून लोक टोयोटाचे कारखाने पाहायला आले, दोरी आणि चिठ्ठ्या घेऊन गेले. नोकरीची हमी मात्र फार थोड्यांनी नेली.

आमच्या भिंतीवरही रंगीत चिठ्ठ्या होत्या. बारा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत टीम लीड होते. कर्जाचे हप्ते वसूल करणारी प्रणाली शुक्रवारी रात्री सुरू करायची होती. संध्याकाळी टीममधला सगळ्यात नवा मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, एक टेस्ट कधी पास होते, कधी फेल. थांबायचं का?" मी म्हणाले, "सोमवारी बघू." सोमवारी कळलं, बऱ्याच लोकांच्या खात्यातून हप्ता दोनदा गेला होता. त्यात महिनाअखेर. बैठकीत विचारणा झाली, हा कोड कोणाचा? पडद्यावर त्याचं नाव होतं. मी गप्प बसले. तीन महिन्यांत तो नोकरी सोडून गेला.

टोयोटाही घसरली. 2008 मध्ये विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकून ती जगात पहिली आली आणि लगेच 2009-10 मध्ये पायाखालची मॅट आणि ॲक्सिलरेटरच्या दोषांपायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोचा नातू अकिओ टोयोडा अमेरिकन काँग्रेससमोर बसला आणि आपण फार वेगानं वाढलो असू, अशी कबुली त्यानं दिली. दोषांबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीनं 120 कोटी डॉलर भरले. ज्यांनी दोरी शोधली, त्यांनाही ती वेळेवर ओढता आली नाही. हे वाचल्यावर मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. पण ते बरं वाटणं टिकलं नाही.

गेल्या वर्षी मी त्या मुलाचा नंबर मिळवून फोन केला. बैठकीत बोलायला हवं होतं, नाही बोलले, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच तुम्हाला नीट सांगितलं नाही."

सर, बाई, जेवणाची वेळ होत आली आहे. इथेच थांबते.