गाठीला लोखंड लागले तर?

(जिवती येथील वार्षिक मेळाव्यात एका भूलतज्ज्ञ सभासदाने केलेले भाषण)



भोजनापूर्वी वैद्याला बोलावयास उभे करण्याचे धाडस चालकांनी केले आहे. मी आटोपशीर बोलेन.

“गाठीला लोखंड लागू देऊ नये, लागले की रोग चवताळतो,” ही समजूत आपल्या माणिकगडच्या डोंगरावर घरोघरी ऐकू येते. माझ्या सख्ख्या मावशीने याच भयाने स्तनातील गाठ दोन वर्षे पदराआड लपविली. गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर करीत तिला नागपुरास नेले, तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. तिचा रोग लोखंडाने चवताळला नाही, लोखंडावाचून चवताळला.

तरुणपणी मी या समजुतीस हसत असे. आता हसत नाही, कारण तिच्या मुळाशी सत्याचा एक कण आहे. गाठ हाताळताना व कापताना तिच्यातील काही पेशी रक्तात उतरण्याचा संभव असतो, आणि नेमक्या त्याच घटकेला शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. तेव्हा आम्हा भूल देणाऱ्यांपुढे प्रश्न आला : भुलेच्या निवडीने रोग्याच्या पुढील आयुष्यात काही फरक पडतो काय?

पुष्कळांची आशा अशी होती, की वायूची भूल टाळून पाठीच्या कण्यालगत सुईने छाती बधिर केली, तर रोग कमी उलटेल. ८ देशांतील १३ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर हे पडताळून पाहिले गेले. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : दोन्ही गटांत शेकडा सुमारे १० जणींचा रोग उलटला. फरक काहीच नाही. आमच्या व्यवसायाचा थोडा हिरमोड झाला, हे कबूल करतो.

उत्तर निघाले ते मुंबईतून, आणि तेही शस्त्रवैद्यांच्या हातून. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून भारतातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रिया निवडल्या. सर्वांचा स्तनाचा रोग प्रारंभीच्या अवस्थेतील होता. निम्म्या जणींना, नेहमीची भूल दिल्यावर, छेद घेण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीच्या सर्व बाजूंनी लिग्नोकेन टोचले. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच हे औषध. उरलेल्या जणींना ते दिले नाही. बाकी उपचार सारखेच.

पाच वर्षांनंतर औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ९०.१ जणी हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४. रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६ होते. २०२३ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. शंभरांत तीनचार म्हणजे थोडे वाटेल. पण त्या तीनचार घरांना विचारा. औषध तर इतके स्वस्त, की त्यातून फारसा नफा कोणास मिळणार नाही. कदाचित म्हणूनच त्याचा गवगवा कमी झाला असावा, असे आपले माझे मत.

हे घडते कसे? पेशीच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म द्वारे असतात. लिग्नोकेन ती बंद करते; मज्जातंतू त्यामुळेच बधिर होतात. कर्करोगाच्या पेशींवरही अशी द्वारे आढळतात व त्यांच्या हालचालीशी त्यांचा संबंध असतो. ती मिटली की पेशींचे पाय जणू बांधले जातात, असा संशोधकांचा तर्क आहे.

परंतु सावध राहा. ही एकच चाचणी आहे, आणि तीही केवळ स्तनाच्या रोगापुरती. खर्ऱ्यामुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. त्यास हा निष्कर्ष लावता येणार नाही. शस्त्रक्रियेआधी ज्यांना केमोथेरपी दिली जाते, त्यांचाही या चाचणीत समावेश नव्हता. आपल्या शस्त्रवैद्यांस “गाठीभोवती लिग्नोकेन देता येईल काय?” असे नम्रपणे अवश्य विचारावे, पण नाही म्हणाले म्हणून शस्त्रक्रिया मोडून घरी परतू नये. शस्त्रक्रियेचा लाभ या टोचणीच्या लाभाहून कितीतरी मोठा आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका व आधारपत्र सोबत न्यावे.

भोजनानंतर पलीकडच्या खोलीत परिचारिका भगिनी बसणार आहेत. ज्या मायबहिणींना काही विचारावयाचे वा दाखवावयाचे असेल त्यांनी तेथे जावे. पुरुषमंडळींनी तेवढा वेळ त्या बाजूस फिरकू नये.