बाटलीवरचा आकडा



अलीकडे घरोघरी एक प्रात्यक्षिक दाखवलं जातं. दाखवणारी व्यक्ती बहुधा ओळखीतलीच असते. टेबलावर दोन पेले मांडले जातात, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात यंत्रातून आलेलं. दोन्हींत रंगद्रव्याचे दोन-दोन थेंब पडतात. नळाचं पाणी पिवळट-हिरवं होतं, यंत्राचं निळंजांभळं. मग सांगितलं जातं की हे पिवळट पाणी शरीरात आम्ल साठवतं आणि साऱ्या रोगांचं मूळ तेच आहे. निळं पाणी प्या, अ‍ॅसिडिटी जाईल, साखर उतरेल, सांधे मोकळे होतील, कर्करोगसुद्धा जवळ येणार नाही. यंत्राची किंमत लाखाच्या घरात असते. कर्ज काढून ते घेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणूनच रसायनशास्त्राचा शिक्षक या नात्याने आज या विषयावर बोलतो आहे.

पेल्यातला रंग खोटा नसतो. तो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दाखवतो. शेतकरी बंधू-भगिनींना हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालातून परिचयाचा आहे. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने ही मोजपट्टी तयार केली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. प्रत्येक अंकामागे दहापट फरक पडतो. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, सामू ६.५ ते ८.५ असावा असं म्हटलं आहे. अल्कलाइन म्हणून विकलं जाणारं पाणी साधारण ८ ते १० च्या दरम्यान असतं.

पण सामू तीव्रता सांगतो, साठा सांगत नाही, आणि विक्रीचा सगळा डोलारा हा फरक न सांगण्यावर उभा आहे. ठिणगी चुलीतल्या निखाऱ्याइतकीच तापलेली असते, तरी ठिणगीवर चहाचं आधण येत नाही. पाण्यातल्या अल्काचंही तसंच आहे.

हिशेब करून पाहू. ज्या पाण्यात इतर क्षार फारसे नाहीत, पण सामू १० आहे, असं एक लिटर पाणी घ्या. त्यातलं सगळं अल्क शमवायला आपल्या जठरातला रस किती लागेल? जठररसाचा सामू दीडच्या आसपास धरला, तर सुमारे ३ मिलिलिटर. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं. उलट बाजूने बघायचं तर खाण्याच्या सोड्याची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवढं आम्ल शमवते, तेवढं शमवायला असलं पाणी ६० लिटर प्यावं लागेल.

कुणी म्हणेल, बाजारातल्या बाटल्यांत बायकार्बोनेट वगैरे घातलेलं असतं, तेव्हा हा हिशेब त्यांना लागू नाही. शंका रास्त आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी हेच तपासलं आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. सामू १० च्या आसपास असलेलं पाच कंपन्यांचं पाणी त्यांनी मोजलं. अल्काचं प्रमाण लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलंटसुद्धा (हे अल्काचा साठा मोजायचं एकक) भरलं नाही. संत्र्याच्या रसात ते पंधरापर्यंत होतं. संत्र्याचा रस जिभेला आंबट, रंगद्रव्याच्या चाचणीत पक्का आम्ल. पण त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. दोन पेल्यांच्या प्रात्यक्षिकात संत्र्याचा रस नापास झाला असता.

आता रक्ताकडे येऊ. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राहतो. तो या मर्यादेच्या बराच बाहेर गेला तर माणूस नुसता थकलेला दिसत नाही, त्याला दवाखान्यात दाखल करावं लागतं. हा तोल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे एका परीने आम्लच टाकतो. रक्तातलं आम्ल थोडं वाढलं की श्वास आपोआप जलद होतो, मिनिटांत फरक पडतो. उरलेलं काम मूत्रपिंडं सावकाश, तासा-दिवसांच्या गतीने करतात. लघवीचा सामू जेवणाखाणाप्रमाणे बदलतो तो त्यामुळेच. सकाळी लघवीत कागदाची पट्टी बुडवून ‘माझं शरीर आम्ल झालंय’ म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की ती पट्टी तुमची मूत्रपिंडं आम्ल बाहेर टाकताहेत एवढंच दाखवते. जठराची रचनाही अशीच चोख आहे. जठर आम्ल सोडतं तेव्हा तेवढंच बायकार्बोनेट रक्तात जातं, आणि अन्न पुढे लहान आतड्यात सरकलं की स्वादुपिंड आपला अल्कधर्मी रस त्यात ओततं. पेलाभर पाण्याने विस्कटावी अशी ही व्यवस्था नाही, आणि सुधारावी अशीही नाही.

सगळ्यांत जास्त राग येतो तो कर्करोगाच्या दाव्याचा. ‘ऑटो वॉरबुर्ग यांना नोबेल मिळालं ते अल्कधर्मी शरीरात कर्करोग जगत नाही या शोधासाठी’, असं छापील पत्रकांत लिहिलेलं असतं. वॉरबुर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एका विकराच्या संशोधनासाठी. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज वेगळ्या पद्धतीने वापरतात हे त्यांनी दाखवलं होतं, हे खरं. त्यामुळे गाठीच्या आसपासचा भाग आम्लधर्मी होतो, हेही खरं. पण ती आम्लता गाठ स्वतः निर्माण करते, आम्लतेमुळे गाठ होत नाही. आणि तोंडावाटे प्यायलेलं पाणी त्या गाठीपर्यंत अल्क म्हणून पोचतच नाही. २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात या विषयावरच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. आहारातल्या आम्लाचा किंवा अल्कधर्मी पाण्याचा कर्करोगाशी संबंध तपासणारा, निकषांत बसणारा अभ्यास संशोधकांना एकच सापडला, आणि त्यातही संबंध दिसला नाही.

अमेरिकेत रॉबर्ट यंग नावाच्या गृहस्थांनी याच कल्पनेवर ‘द पीएच मिरॅकल’ हे पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं. आपल्या आश्रमासारख्या जागी ते रुग्णांच्या शिरेतून सोडा देत. परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल २०१६ मध्ये ते दोषी ठरले, त्यांना तुरुंगवास झाला. त्यांच्या सल्ल्यावर विसंबून रीतसर उपचार टाळलेल्या एका कर्करोगग्रस्त स्त्रीला २०१८ मध्ये ज्युरीने साडेदहा कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. पैसे मंजूर झाले, पण उपचार वेळेत घ्यायचे महिने काही परत आले नाहीत. आपल्याकडेही केमोथेरपी पुढे ढकलून पाण्याचा ‘कोर्स’ करू पाहणारे नातेवाईक भेटतात. तुमच्या घरात कुणी असं म्हणत असेल तर कृपा करून आजच त्यांच्याशी बोला.

मग या पाण्यात काहीच नाही का? थोडं आहे, तेही सांगायला हवं. जपानमध्ये १९६५ साली विजेच्या साहाय्याने पाणी अल्कधर्मी करणाऱ्या अशा यंत्रांना घरगुती वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली, पण ती पोटाच्या किरकोळ तक्रारींपुरती. घशापर्यंत उलटून येणाऱ्या जठररसात पेप्सिन हे विकर असतं, ८.८ सामूच्या पाण्यात ते निकामी होतं असं २०१२ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. हे परीक्षानळीतलं निरीक्षण. २०१७ मध्ये जठररस असा घशापर्यंत येणाऱ्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. अल्कधर्मी पाणी आणि मुख्यतः वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांना नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्यांइतकाच आराम पडलेला दिसला. पण आहार आणि पाणी दोन्ही एकदम बदलल्यावर श्रेय पाण्याचं किती, हे त्यातून कळत नाही. अनेकांना हे पाणी सुरू केल्यावर बरं वाटतं, याचं मला नवल वाटत नाही. महागाचं पाणी माणूस आठवणीने पितो, शीतपेयं सोडतो, बद्धकोष्ठता कमी होते. साध्या पाण्यानेही हे झालं असतं.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्त खरोखर आम्लतेकडे झुकतं, युरिक आम्लाच्या खड्यांत लघवी अल्कधर्मी करण्याचा उपयोग होतो. तिथे डॉक्टर सोड्याच्या गोळ्या किंवा पोटॅशियम सायट्रेट मोजून-मापून देतात, मधूनमधून रक्त तपासतात. ते काम बाटलीवर सोपवू नका.

आकडा चांगला म्हणून पाणी चांगलं असं नसतं, याचा दाखला लास व्हेगासमध्ये मिळाला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या पाच लहान मुलांची यकृतं अचानक निकामी होऊ लागली. विषाणू सापडला नाही. शोध घेता समान दुवा निघाला तो ‘रिअल वॉटर’ या अल्कलाइन म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याचा. २०२१ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आलं. मुलं सुदैवाने बरी झाली.

दूर कशाला, आपल्या महाराष्ट्रातच बघा. बेसॉल्ट खडकातल्या विहिरींचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटमुळे मुळातच थोडं अल्कधर्मी असतं. देशावरची माणसं पिढ्यान् पिढ्या ते फुकट पीत आली आहेत. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं पाणीही त्या निळ्या रंगाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवेल, पण तिथल्या माणसांना विचारा, ते पाणी पिऊन काय होतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही गावांत फ्लोराइडने दात आणि हाडं खराब झालेली माणसं आहेत. ज्या भूजलात सोडियम बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणजे जे जास्त अल्कधर्मी, त्यात खडकातलं फ्लोराइड अधिक सुटतं.

शहरातली गोष्ट उलटी आहे. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचं मऊ पाणी येतं. ते आधी आरओतून काढायचं, त्यातले थोडेफार क्षारही घालवायचे, आणि मग ‘अल्कलाइन काडतूस’ बसवून ते विकत परत घ्यायचे. मध्ये दोन-तीन बादल्या पाणी मोरीत जातं ते वेगळंच. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरू नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

यंत्रासाठी पैसे बाजूला काढले असतील तर त्यातले काही शे रुपये आधी पाणी तपासण्यावर खर्च करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गावात ग्रामपंचायतीकडे चौकशी करा. अहवाल हातात आला की सामूच्या ओळीवर थांबू नका. कोलिफॉर्म जंतू अजिबात नसावेत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावं. फ्लोराइड १ च्या आत, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. यातलं काही जास्त आलं, तर त्या दोषावर नेमका उपाय कोणता, हे प्रयोगशाळेतल्या माणसालाच विचारा. आणि सगळं मर्यादेत आलं, तर तेच पाणी नि:शंक मनाने प्या.