हेलपाटा

वारणा खोऱ्यात १९९८ साली संगणक आले, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांची मान ताठ झाली होती. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. शहरात माझ्यासारखा बी.ए. झालेला माणूस संगणकाला हात लावायला भीत होता, आणि खेड्यात उसाची कुंडली संगणक मांडत होता!

फायदा झाला, हे कबूल केलं पाहिजे. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजनाची पावती, सगळ्यासाठी कारखान्यावर हेलपाटा घालावा लागे. ते काम गावातच होऊ लागलं. पण ज्याच्या नावावर ऊस, त्याचीच माहिती त्या संगणकात. दुसऱ्याच्या रानात भांगलणाऱ्या बाईनं तिथं जाऊन विचारायचं तरी काय? पुढं २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते चाललं. म्हणजे इंटरनेटच्या नावानं आलेल्या यंत्राचं मुख्य काम उसाचा हिशेब हेच होतं.

२०१६नंतर डेटा स्वस्त झाला. आता तार गरिबाच्या दारातही आली, पण ती हेलपाटा घेऊन आली. आमच्या गल्लीतल्या खाला चार घरची भांडी घासतात. रेशनकार्डाच्या ई-केवायसीसाठी त्यांनी अंगठा ठेवला, तर यंत्र ओळखेना. तीस वर्षं राखेनं, पावडरीनं भांडी घासून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्यात. “भाईसाब, मी मी नाही म्हणतंय हे मशीन,” त्या हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

चेहरा दाखवून ओळख पटवायचं अ‍ॅप आहे. त्याला स्मार्टफोन लागतो, आणि ओटीपी यायला आधारला जोडलेला नंबर चालू असावा लागतो. खालांकडे बटणांचा फोन. जोडलेला नंबर मुलाच्या हरवलेल्या मोबाइलचा. तो बदलायला आधार केंद्रावर जायचं, तिथं पुन्हा रांग. तीन खेपा झाल्या, तीन खाडे पडले. एका घरानं पैसे कापले.

सरकारनं किती गावं जोडली हे मोजावंच. त्याबरोबर एका दाखल्यापायी मजुराचे किती रोज बुडाले, हेही कुणीतरी मोजावं. वारणेच्या बागायतदाराचा हेलपाटा वाचवायला पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी एवढी यंत्रणा उभी राहिली होती.

सोमवारी खाला पुन्हा जाणार आहेत. या खेपेला मी बरोबर जातोय. भांडी त्यांची सून घासणार आहे.